आकाश ढगाळलं की ग्रुप भरकटतो

हौशी आकाशनिरीक्षकांच्या आमच्या टेलिग्रामवरच्या ग्रुपची ॲडमिनगिरी माझ्याकडे आली तेव्हा तिथे ताऱ्यांबद्दल बोलणं जवळजवळ थांबलं होतं. ग्रुप वाजत मात्र दिवसभर असायचा. पहाटेपासून सुप्रभात, मग सुविचार, दुपारी गुडघेदुखीवरचा रामबाण उपाय, संध्याकाळी कुणाच्या तरी भाच्याचा बायोडेटा, रात्री राजकारण. मध्येच एखादा बापडा विचारायचा, "दुर्बिणीचा फाइंडर मुख्य नळीशी जुळतच नाहीये, काय करू?" त्याचा प्रश्न तीन गुलाबांच्या फोटोंखाली गाडला जायचा. दोन दिवसांनी तो पुन्हा विचारायचा. तिसऱ्यांदा विचारायला येत नसे.

आधीच्या ॲडमिनने सूत्रं देताना एकच सल्ला दिला होता. "फार मनावर घेऊ नकोस. स्पॅम उडवत राहायचं, बाकीचं चालायचंच." त्यातला पहिला भाग पटला, दुसरा पटला नाही. उडवण्यासारखं काय आहे आणि चालवून घेण्यासारखं काय, हे आधी बघू या म्हणून मी मागच्या काही महिन्यांचे मेसेज वहीत टिपणं काढत वाचले. कंटाळवाणं काम. पण त्यातून एक गोष्ट लगेच कळली: सभासद ज्याला "स्पॅम" म्हणून शिव्या घालत होते त्यातलं खरंखुरं स्पॅम अगदी थोडं होतं. घरबसल्या कमाई, क्रिप्टोत पैसे दुप्पट, "माझ्या प्रोफाइलवर या" असले मेसेज यायचे, पण बाकीचा सगळा गाळ आपल्याच माणसांनी, चांगल्या मनाने टाकलेला होता.

स्पॅमचा इतिहास इथे थोडा आठवावा लागतो. मे १९७८ मध्ये अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या एका मार्केटिंगवाल्याने अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरच्या सुमारे चारशे लोकांना नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचं एकगठ्ठा निमंत्रण धाडलं. न मागितलेली पहिली सामूहिक जाहिरात म्हणून ते ओळखलं जातं. खरी बोंब उठली ती एप्रिल १९९४ मध्ये. दोन वकिलांनी ग्रीन कार्डच्या लॉटरीसाठी मदत करण्याची आपली जाहिरात यूजनेटवरच्या हजारो चर्चागटांत एकाच वेळी टाकली. जाहिरातीत काय लिहिलंय यावर लोकांचा राग नव्हता. गटाचा विषय कुठलाही असो, सगळीकडे तेच टाकलं, यावर होता. म्हणजे स्पॅम आणि विषयांतर सुरुवातीला एकाच कुळातले गुन्हे होते. हे डोक्यात बसल्यावर नियम लिहिणं सोपं गेलं. मजकूर चांगला की वाईट यात आम्ही पडणार नव्हतो. तो इथला आहे का, एवढंच बघायचं.

पहिलं काम दाराचं. तोपर्यंत लिंक हाती लागली की कुणीही आत यायचं. आम्ही तिघे ॲडमिन होतो: मी, पेशाने प्रोग्रामर असलेला एक मुलगा आणि शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एक ताई. प्रवेश आधी मंजुरीवर टाकला आणि सोबत एक प्रश्न ठेवला: "तुम्हाला या ग्रुपमध्ये का यायचं आहे?" या प्रश्नाला सगळ्यांकडे उत्तर असतं, भामट्यांकडे तर जास्तच छान असतं. "मला खगोलशास्त्राची नितांत आवड असून ज्ञानवृद्धीसाठी सामील होऊ इच्छितो" असं लिहिणाऱ्याने आत येताच कर्जाची जाहिरात टाकली.

मग ताईंनी प्रश्न बदलला. "काल रात्री तुमच्याकडे आकाश कसं होतं?"

या प्रश्नाने जे काम केलं ते कुठल्याही यंत्राने केलं नसतं. उत्तर यायला ज्ञान लागत नाही; खिडकीतून बघितलं तरी पुरे. "पूर्ण ढग." "चंद्राभोवती खळं होतं." "बघितलंच नाही, ताप आहे." हा तापवाला लगेच आत घेतला. उलट "होय, मला यात स्वारस्य आहे" असं उत्तर आलं की ते कुणाचं आहे हे कळायचं. काही जण तर प्रश्न न वाचताच स्वतःचा फोन नंबर लिहायचे. यातले काही खरेच गोंधळलेले असतात, म्हणून आम्ही एकदा पुन्हा विचारायचो. भामटा दुसऱ्यांदा उत्तर द्यायला थांबत नाही, त्याला शंभर ठिकाणी जायचं असतं.

दुसरी मेख नव्या सभासदांसाठी: पहिले काही दिवस लिहायचं हवं तितकं, पण लिंक टाकता येणार नाही आणि फॉरवर्ड करता येणार नाही. यावर एकाने कुरकुर केली की नवख्याला दुय्यम वागणूक देता. ते खरंच होतं. पण नवखा खगोलप्रेमी पहिल्या आठवड्यात प्रश्न विचारतो, त्याला लिंकची गरज क्वचित पडते. आणि लिंकशिवाय भामट्याला आत येऊन करण्यासारखं काहीच उरत नाही.

तिसरी पायरी म्हणजे प्रोग्रामर मित्राचा बॉट. ठरावीक शब्द आले की मेसेज आपोआप उडणार. त्याने यादीत टाकलेल्या शब्दांत "राशी" होता, कारण भविष्यवाल्यांच्या जाहिराती फार यायच्या. पहिल्याच रात्री बॉटने एका जुन्या निरीक्षकाचा वृश्चिक राशीतल्या ज्येष्ठा ताऱ्यावरचा सुरेख मोठा मेसेज गिळला. आकाशाच्या ग्रुपवर राशी या शब्दाला बंदी! तो शब्द काढला. त्याच्या जागी "वशीकरण", "शंभर टक्के उपाय" वगैरे घातलं. तेवढं पुरलं.

मग भामट्यांनी शब्द बदलले नाहीत, अक्षरं बदलली. "क्रिप्टो" हा शब्द रोमन लिपीत लिहिताना त्यातलं एखादं अक्षर रशियन सिरिलिक लिपीतलं घालायचं. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, त्यांचे क्रमांक वेगळे, म्हणून बॉटला शब्द ओळखूच येत नाही. दुसरी युक्ती त्याहून बिलंदर: शब्दाच्या मधोमध अदृश्य अक्षरं पेरायची. युनिकोडमध्ये शून्य रुंदीची काही चिन्हं आहेत. ती पडद्यावर दिसत नाहीत, जागा घेत नाहीत, पण शब्द मधून तोडतात. मित्राने बंदोबस्त केला: मजकुरात शून्य रुंदीचं कुठलंही चिन्ह सापडलं की मेसेज रद्द.

दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी ताईंचा फोन. "अगं, माझे मेसेज जातात आणि लगेच नाहीसे होतात. सगळे नाही, काहीच." कुठले नाहीसे होतात ते बघायला बसलो. "काल गुरूचे चारही मोठे उपग्रह दिसले" राहिला. "दुसऱ्या ताऱ्याच्या डावीकडे बघा" उडाला. "ढग होते" राहिला. "सहा इंची आरशाला बुरशी" राहिला. "ताऱ्यांचा रंग कसा ओळखायचा" उडाला. मलाच तेच वाक्य माझ्या फोनवरून टाकता येत होतं, त्यांच्या फोनवरून नाही.

घोळ होता "ऱ्य" मध्ये. मराठीतला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो. एक, नुक्त्याचा ऱ घेऊन त्याला हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचं जोडचिन्ह. दोन्हीही युनिकोडला मान्य, दिसायला दोन्ही सारखेच. कुठला कीबोर्ड कुठली वाट धरतो हे वापरणाऱ्याला माहीतही नसतं. ताईंचा कीबोर्ड दुसऱ्या वाटेने जाणारा. त्यामुळे आकाशनिरीक्षकांच्या ग्रुपवर त्यांना "ताऱ्यांचा" हा शब्द उच्चारायची सोय उरली नव्हती. इंग्रजीसाठी लिहिलेल्या तयार फिल्टरमध्ये हे जोडचिन्ह बरेचदा संशयित धरलेलं असतं. मराठीत ते रोजच्या व्याकरणाचा भाग आहे. मित्राने मग नियम बारीक केला: हलन्तानंतर आलेलं जोडचिन्ह चालेल, रोमन अक्षरांच्या मधोमध आलेलं नाही. इमोजींनाही सूट द्यावी लागली, कारण आई-बाप-मुलं असलेलं कुटुंबाचं चित्र याच चिन्हाने जोडलेलं असतं. कुणी मराठीत ग्रुप चालवत असेल आणि लोक "माझा मेसेज गेला कुठे" म्हणत असतील, तर आधी "दुसऱ्या" आणि "ताऱ्या" टाकून बघा.

बॉटच्या हाती न लागणारं एक प्रकरण मात्र आलंच. ग्रुपमधले एक जुने, भारदस्त सभासद. मराठीत लिहितात, विरामचिन्ह कधी वापरत नाहीत, प्रत्येक मेसेजच्या शेवटी "बघा बुवा". एका दुपारी त्यांच्या नावाने शुद्ध, घोटीव इंग्रजीत गुंतवणुकीचं आमंत्रण आलं, सोबत लिंक. त्यांच्या शब्दाला मान असल्यामुळे दोघांनी "सर, माहिती द्या" म्हणून विचारलंसुद्धा. अशा वेळी विचार करत बसायचं नसतं. खातं ग्रुपमधून काढलं, मेसेज उडवला, मग त्यांना फोन लावला. त्यांना काहीच पत्ता नव्हता. आदल्या रात्री "चुकून तुमच्या नंबरवर कोड आलाय, जरा पाठवता का" म्हणून कुणीतरी विचारलं होतं आणि त्यांनी तो देऊन टाकला होता. खातं परत मिळेपर्यंत ग्रुपवर आम्ही एवढंच लिहिलं: "यांचं खातं दुसऱ्याच्या ताब्यात गेलं आहे. त्यांच्याशी फोनवर बोलणं झालं आहे. लिंक उघडू नका." काढून टाकणं ही शिक्षा नाही हे लोकांना सांगावं लागतं, नाहीतर माणूस परत आल्यावर मान खाली घालून वावरतो. परत येताना त्यांना दोन टप्प्यांची पडताळणी चालू करायला लावली. तिचा पासवर्ड त्यांनी वहीत लिहून ठेवला आहे, बघा बुवा.

जुन्या दुर्बिणींच्या विक्रीचाही बाजार तिथे भरायचा. त्यात फसवणूक होते ती उसन्या फोटोंवर. इंटरनेटवरून उचललेला छान दुर्बिणीचा फोटो, पडेल किंमत, "आगाऊ पाठवा, लगेच धाडतो". उपाय साधा आहे आणि जगभरचे हौशी लोक तोच वापरतात: वस्तूशेजारी कागदाची चिठ्ठी ठेवायची, त्यावर हाताने आजची तारीख आणि ग्रुपवरचं नाव लिहायचं आणि मग फोटो काढायचा. शिवाय आम्ही भिंगाचा किंवा आरशाचा जवळून एक फोटो मागतो. ज्याच्याकडे वस्तू आहे त्याला पाच मिनिटं लागतात. नसेल तो "दुर्बीण गावी आहे" म्हणतो.

इथवरचं सगळं तंत्राचं. खरी कसोटी घरच्यांची.

रोज सकाळी गुलाबासह सुप्रभात टाकणारे काका ग्रुपमधले सगळ्यात ज्येष्ठ निरीक्षक. नुसत्या डोळ्यांनी देवयानी दीर्घिका दाखवावी तर त्यांनीच. पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरचा तो पुसट डाग ते कुठल्याही नवख्याला दोन मिनिटांत शोधून देतात. अशा माणसाला विषयांतराचा नियम दाखवायचा? प्रोग्रामर मित्राचं म्हणणं, नियम सगळ्यांना सारखा. मला त्यांना ग्रुपवर टोकणं मंजूर नव्हतं. फोन केला.

"काका, एक विनंती होती. सकाळच्या मेसेजबद्दल."

"अगं, मला कळतं ते. पण एक दिवस टाकलं नाही तर चार जण विचारतात, तब्येत बरी आहे ना."

"मग टाकाच तुम्ही. पण त्यात आजचा चंद्रोदय लिहाल का?"

जरा वेळ गप्प बसले. "कुठला चंद्रोदय? प्रत्येक गावाचा वेगळा असतो."

दुसऱ्या दिवसापासून सुप्रभातच्या जागी चंद्रोदयाची वेळ, कला किती आणि संध्याकाळी कुठला ग्रह कुठे, असं यायला लागलं. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, पण कधी अर्ध्या तासाने आणि कधी तासाहून जास्त, यावर तिथे वाद पेटला आणि काकांनी क्रांतिवृत्ताचा, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेचा, क्षितिजाशी होणारा कोन सगळ्यांना समजावून सांगितला. गुलाब अजून येतो. चंद्रोदयाच्या खाली येतो, त्याला कुणी हात लावत नाही.

प्रत्येकाला असा फोन करता येत नाही, हेही खरं. फॉरवर्डच्या बाबतीत दुसरी वाट धरली. आमच्या ग्रुपवरचा सर्वांत चिवट फॉरवर्ड म्हणजे "२७ ऑगस्टला मंगळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसणार". ऑगस्ट आला की हा येतोच. त्याचं मूळ खरं आहे: २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता, जवळजवळ साठ हजार वर्षांत इतका जवळ आला नव्हता आणि पुन्हा इतका जवळ येणार तो २२८७ मध्ये. त्या वेळच्या मूळ ईमेलात लिहिलं होतं की पंचाहत्तर पट मोठं करून बघितल्यास मंगळ नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या पूर्ण चंद्राएवढा दिसेल. पुढे पुढे ढकलताना "पंचाहत्तर पट" गळालं आणि चंद्र उरला.

आधी आम्ही हा मेसेज उडवायचो. उडवला की तासाभरात दुसरा कुणीतरी टाकायचा, कारण पहिला उडाल्याचं त्याला कुठे माहीत? आता उडवत नाही. टाकणाऱ्याला एक गणित घालतो: त्या वेळी मंगळाचा दृश्य व्यास पंचवीस आर्क सेकंद (एक आर्क सेकंद म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग) होता, चंद्राचा साधारण अठराशे, किती पट मोठं केलं तर दोन्ही सारखे दिसतील? ज्याने मेसेज टाकला तोच उत्तर काढतो, बहात्तर की पंचाहत्तर यावर इतर लोक तुटून पडतात आणि पुढच्या ऑगस्टला तो माणूस स्वतः पहारेकरी होतो.

बाकी सगळ्या फॉरवर्डना एकच अट: वर स्वतःची एक ओळ लिहा. हे का पाठवतोय, यात काय खरं वाटलं, काहीही. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये फॉरवर्डवर शिक्का लावायला सुरुवात केली, २०१९ मध्ये एका वेळी पाचच ठिकाणी पाठवायची मर्यादा जगभर आणली आणि २०२० मध्ये खूपदा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असं केलं. तत्त्व तेच: बंदी घालायची नाही, हाताला थोडे कष्ट द्यायचे. एक ओळ लिहायचे कष्ट बहुतेकांना नकोसे वाटतात. जे लिहितात त्यांचं फॉरवर्ड बहुधा वाचण्यासारखं असतं.

शनीच्या साडेसातीचं काय, हा प्रश्न मात्र ओळ लिहूनच येतो. त्यावर ताईंनी ठरवलेला शिरस्ता असा की ग्रह कुठे आहे, केव्हा उगवतो, कडी किती कललेली आहेत हे सांगायचं. तो कुणाचं काय करतो यावर होय-नाही काहीच बोलायचं नाही. भविष्याची टिंगलही नाही. टिंगल सुरू झाली की ते जास्त मोठं विषयांतर होतं. एकदा कुणीतरी लिहिलं की आंतरराष्ट्रीय खगोल संघाने १९३० मध्ये आखून दिलेल्या सीमांनुसार सूर्य दर डिसेंबरात भुजंगधारी या तेराव्या तारकासमूहातूनही जातो. माहिती बरोबर, विषयाला धरून. त्यावर "म्हणजे माझी रास बदलली का?" असा प्रश्न आला आणि ती चर्चा रात्री कुलूप लावूनच थांबवावी लागली.

इतकं करूनही काही आठवडे ग्रुप हाताबाहेर जायचा. कुठले आठवडे, हे शोधायला मी पुन्हा वही काढली आणि तारखांसमोर जे दिसलं ते आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं. सगळ्यात जास्त विषयांतर ढगाळ आठवड्यांत. त्याखालोखाल पौर्णिमेच्या आसपास, जेव्हा चंद्रप्रकाशात अंधूक काही दिसत नाही. ग्रहणाच्या रात्री, उल्कावर्षावाच्या रात्री, धूमकेतू आलेला असताना एकही सुप्रभात नाही, एकही राजकारण नाही. नियम तेच, माणसं तीच. लोक ग्रुपवर येतात ते सोबतीसाठी. बघायला आकाश असलं की आकाशावर बोलतात, नसलं की हाताला लागेल त्यावर.

मग आम्ही नियमांवरचा वेळ कमी केला आणि ढगांसाठी कामं शोधली. एका सभासदाने आपल्या कॅमेऱ्यातल्या कच्च्या फ्रेम सगळ्यांना दिल्या: एकाच तेजोमेघाचे शेकडो फोटो, ते एकावर एक रचून आपापलं चित्र बनवा. त्याच कच्च्या मालातून आठ जणांची आठ वेगळी चित्रं आली आणि कुणाचं खरं यावर भांडण झालं, आनंदाने. कुणी आरशाची जुळवणी दिवसाउजेडी कशी करायची ते दाखवलं. ताईंनी गॅलेक्सी झू आणलं. २००७ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात सामान्य माणसं दीर्घिकांचे फोटो बघून सर्पिल की लंबगोल ते सांगतात; त्यातच हॅनी व्हान आर्केल या डच शिक्षिकेला पूर्वी कुणी न टिपलेला एक विचित्र हिरवट मेघ सापडला आणि तो आज तिच्या नावाने ओळखला जातो. ही गोष्ट ऐकल्यावर पावसाच्या आठवड्यात आमची माणसं रात्री दोन-दोनपर्यंत दीर्घिका वर्गवारत बसली. भाच्याचा बायोडेटा त्या आठवड्यात आला नाही.

गप्पांची वेगळी खोली, "कट्टा", याच सुमारास काढली. टेलिग्रामवर २०२२ पासून ग्रुपमध्ये असे विषयवार कप्पे करता येतात. मित्राचा विरोध होता: "सगळा कचरा तिथे साठेल." तसं झालंही, आणि त्यासाठीच तर तो होता. वाढदिवस, पाककृती, मुलांचे निकाल, सगळं तिथे. अडचण आली राजकारणाची. कट्ट्यावर दोघं इतके भिडले की मुख्य ग्रुपवरही एकमेकांच्या चंद्राच्या फोटोंना नावं ठेवायला लागले. म्हणून कट्ट्यावरही राजकारण बंद केलं आणि तापलेल्या वेळी स्लो मोड चालू करायचा असं ठरलं: एक मेसेज टाकला की पुढच्यासाठी काही मिनिटं थांबायचं. ज्याला पाच मिनिटं थांबून टोमणा मारायचाय त्याचा टोमणा तोवर शिळा झालेला असतो.

शिक्षेचं म्हणाल, तर एलिनॉर ऑस्ट्रोम यांनी, ज्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, सामायिक कुरणं, मासेमारीची ठिकाणं आणि पाटाचं पाणी वर्षानुवर्षं नीट वाटून घेणाऱ्या गावांत एक गोष्ट पाहिली होती: पहिल्या चुकीला शिक्षा फार हलकी असते आणि ती हळूहळू वाढत जाते. आम्हीही तेच धरलं. आधी खाजगीत एक ओळ. मग पोस्ट कट्ट्यावर हलवायची. मग काही दिवस लिहिणं बंद. मग बाहेर. शेवटच्या पायरीपर्यंत आपली माणसं जवळजवळ जात नाहीत. भामट्याला मात्र पायऱ्या नाहीत, तो थेट बाहेर.

पोस्ट काढली की ग्रुपवर जाहीर सांगायचं का, यावर आमच्यात बरंच झालं. न सांगता काढलं की कुजबुज, प्रत्येक वेळी सांगितलं की सूचनांचाच पूर. आता स्पॅम मुकाट्याने जातं. सभासदाची पोस्ट हलवायची असेल तर आधी त्याला कळवतो, मग हलवतो. तरी एक जण "इथे हुकूमशाही आहे" असं लांबलचक लिहून गेलेच. ते पत्र आम्ही काढलं नाही आणि उत्तरही दिलं नाही. त्याखाली दोघांनी सहमती दर्शवली, एकाने चंद्रोदयाची वेळ विचारली.

सध्याचं दुखणं वेगळंच आहे. एका तरुण सभासदाने मृग नक्षत्राचा फोटो टाकला. इतका देखणा की पन्नासेक जणांनी वाहवा केली. काकांनी तासाभराने लिहिलं, "बाणात चार तारे कसे?" मृगाच्या बाणात तारे तीनच. मोजले तर खरंच चार. पोराने स्वतःच काढलेला हललेला फोटो एआयला "स्वच्छ करून दे" म्हणून दिला होता आणि त्याने बाणाला एक तारा जास्तीचा लावून दिला होता. फसवायचा हेतू नव्हता. हे स्पॅम नाही, विषयांतर तर मुळीच नाही. मग काय करायचं? मित्र म्हणाला काढून टाका, ताई म्हणाल्या कट्ट्यावर हलवा. मी त्याला मूळ फोटो मागितला. तो हललेला, धुरकट फोटो त्याने लाजत टाकला, त्यावर एकाने फोकस जुळवण्यासाठी बाह्तिनोव्ह मास्क पुठ्ठ्यातून कसा कापायचा ते आकृती काढून समजावलं.

नियमांत त्यानंतर एक ओळ वाढली आहे: आकाशाच्या फोटोसोबत तारीख, साधन आणि एक्स्पोजर लिहायचं, मागितल्यास मूळ फ्रेम दाखवायची. फोटोतला "नॉइज", म्हणजे दाणेदारपणा, कमी करणारी साधनं चालतील की नाही, याचा निकाल अजून लागायचा आहे. मित्राने यादी केली आहे, ताईंना ती यादी मान्य नाही आणि पुढचा पूर्ण आठवडा ढगाळ आहे.